युद्धोत्तर मौनाचे नाट्य : 'अंधा युग' आणि 'आरण्यक'

मराठी नाटकाला युद्ध अपरिचित नाही. मात्र आपल्या रंगभूमीने युद्धाकडे पाहिले ते बव्हंशी युद्धापूर्वीच्या क्षणातून. रणवाद्यांचा नाद, प्रतिज्ञा, निरोपाचे औक्षण, तलवारीचे पूजन, हा त्या नाट्याचा प्रिय प्रदेश होय. वऱ्हाडच्या नाट्यपरंपरेपुरते बोलायचे तर अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांच्या गाजलेल्या नाटकाचे नावच 'रणदुंदुभि' (१९२७) असे आहे. सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग' (१९३१) या नाटकात शस्त्र खाली ठेवावे की उचलावे, हा वाद केंद्रस्थानी आहे. पारतंत्र्याच्या काळात हे स्वाभाविकच होते. ज्या समाजाला लढण्यास उभे करावयाचे आहे त्याच्यापुढे लढाईनंतरचे मैदान कोणी मांडत नाही.

तरीही एक गोष्ट चमत्कारिक वाटते. १७६१ च्या पानिपताने ज्या समाजाच्या भाषेत वाक्प्रचार आणि म्हणी रुजविल्या, त्या समाजाच्या नाटकात पानिपताहून परतलेली, अथवा न परतलेल्यांची वाट पाहणारी माणसे फारशी दिसत नाहीत. पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मान्य न करणाऱ्या पार्वतीबाईंची कथा मराठी मनाला ठाऊक आहे. या प्रकरणाशी निगडित नाटक न. चिं. केळकरांनी लिहिलेही. परंतु त्याचे नाव 'तोतयाचे बंड' असे आहे. नाव तोतयावरून पडले, पार्वतीबाईंवरून नव्हे. तोतया खरा की खोटा हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, आणि वाट पाहणाऱ्या स्त्रीचे रोजचे जगणे हा त्या प्रश्नाच्या आश्रयाने येणारा विषय आहे. युद्धग्रस्त माणूस नाटकाच्या केंद्रस्थानी यावा लागतो तेव्हा नाटककाराला वीररसाची सगळी सामग्री बाजूला ठेवावी लागते. मग प्रश्न पडतो, रंगमंचावर उरते काय?

या प्रश्नाला भारतीय रंगभूमीवर सर्वांत धीटपणे सामोरे गेलेली संहिता हिंदीत आहे. ती धर्मवीर भारती यांची 'अंधा युग' (१९५४) होय. ती मराठीच्या अभ्यासकांना परकी मानण्याचे कारण नाही. भारती १९६० मध्ये 'धर्मयुग' साप्ताहिकाचे संपादक म्हणून मुंबईत आले आणि १९९७ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्यातील निम्म्याहून अधिक वर्षे महाराष्ट्रात गेली. 'अंधा युग' रंगमंचावर उभे राहू शकते हे १९६२ मध्ये प्रथम दाखवून दिले ते मुंबईतच, सत्यदेव दुबे यांनी 'थिएटर युनिट'च्या प्रयोगात. पुढे इब्राहिम अल्काझी यांनी दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत केलेला प्रयोग देशभर चर्चिला गेला. मात्र त्याआधीची मुंबईची पायरी विसरता येत नाही. दुबे यांनी नंतरच्या काळात मराठी नाटकांचे दिग्दर्शन केले, नटांच्या पिढ्या घडविल्या. म्हणजे या संहितेचा आणि मराठी रंगव्यवहाराचा संबंध केवळ शेजाराचा नाही.

भारती व्यवसायाने मुळात प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १९२६ चा, अलाहाबादचा. तेथील विद्यापीठात सिद्ध साहित्यावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच हिंदीचे अध्यापन केले. 'अंधा युग' लिहिले गेले ते या अध्यापनाच्या काळात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापूर्वी. ही बाब चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. संहितेत महाभारत, विष्णुपुराण आणि भागवत यांचा जो वापर आहे तो वर्गात ग्रंथ उलगडून सांगणाऱ्या माणसाचा आहे. कोठे मूळ कथा जशीच्या तशी ठेवली, कोठे बदलली, हे वाचकाने ताडून पाहावे अशी त्यात अपेक्षा आहे. बदल लपविलेले नाहीत. ते ओळखणाऱ्याला नाटकाचा अर्थ अधिक लागतो, आणि न ओळखणाऱ्यालाही नाटक अडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'अंधा युग' लिहिताना भारतींनी रणांगण पाहिलेले नव्हते. त्यांच्या पिढीने दुसरे महायुद्ध वृत्तपत्रांतून वाचले, १९४५ च्या अणुबॉम्बची वार्ता ऐकली, आणि १९४७ च्या फाळणीतील निर्वासितांचे लोंढे मात्र जवळून अनुभवले. प्रत्यक्ष युद्धभूमीवर ते गेले १९७१ मध्ये, बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाचे वार्तांकन 'धर्मयुग'साठी करण्याकरिता. नाटक आधी आणि युद्धाचे दर्शन सतरा वर्षांनी, असा हा उलटा क्रम आहे. अनुभवाच्या अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेला तो अडचणीचा वाटेल. मात्र ट्रोजन युद्धानंतर शतके लोटल्यावर युरिपिडीझने इ. स. पू. ४१५ मध्ये 'ट्रोजन स्त्रिया' लिहिले, तेव्हाही हीच अडचण होती. युद्धग्रस्ताची वाणी ऐकण्यासाठी लेखकाला रणांगणावर हजर असावे लागत नाही. त्याला कोणाकडे कान द्यायचा हे ठरवावे लागते. 'अंधा युग'च्या बाबतीत हा कान कोणाकडे आहे, हेच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

रूढ वाचनानुसार 'अंधा युग' हे अश्वत्थाम्याचे नाटक आहे. युधिष्ठिराच्या अर्धसत्याने पिता गमावलेला, पशू बनलेला, ब्रह्मास्त्र सोडणारा अश्वत्थामा नटांना आणि समीक्षकांना सारखाच आकर्षित करतो. ब्रह्मास्त्राच्या प्रसंगी व्यास त्याला पुढच्या पिढ्यांवर, मातीवर, गर्भांवर होणाऱ्या परिणामांची जी जाणीव देतात, त्यामुळे अणुयुगाचा संदर्भ उघड होतो. या वाचनात गैर काही नाही. परंतु ते अपुरे आहे. अश्वत्थामा युद्धग्रस्त असला तरी युद्ध चालू ठेवणाराही तोच आहे. त्याच्याजवळ अस्त्र आहे, आणि ज्याच्याजवळ अस्त्र आहे त्याला वाणीची उणीव भासत नाही. नाटकातील सर्वांत प्रदीर्घ आवेगपूर्ण भाषणे त्याची आहेत हा योगायोग नव्हे.

नाटकाची खरी नैतिक पेच असलेली व्यक्तिरेखा युयुत्सु ही आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मूळ महाभारतात युयुत्सु हा वैश्य स्त्रीपासून झालेला धृतराष्ट्राचा पुत्र होय. युद्धारंभी तो कौरवांचा पक्ष सोडून पांडवांकडे येतो, धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी तो एकटा वाचतो, आणि महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिर राज्याची काळजी त्याच्यावर सोपवून निघतो. महाकाव्यात त्याची निवड योग्य ठरते आणि तिचे फळही त्याला मिळते. भारतींनी नेमके हेच बदलले. त्यांचा युयुत्सु सत्याच्या बाजूने लढून, विजयी पक्षाकडून घरी परततो आणि त्याला घर उरलेले नाही. नगरातील लोक त्याच्याकडे राक्षस पाहावा तसे पाहतात, दारे लावून घेतात. गांधारीचे त्याच्याशी बोलणे उपरोधाने विखारलेले आहे. पांडवांच्या राज्यात त्याला मान मिळावा, तर तेथे भीमाची कुत्सित वचने त्याच्या वाट्याला येतात. अखेर तो भाल्याने स्वतःचा अंत करून घेतो. योग्य पक्षाने लढलेल्या माणसाचा हा शेवट आहे. पराभूतांचे दुःख दाखविणे तुलनेने सोपे असते, कारण त्याला सहानुभूती आपोआप मिळते. विजयी पक्षात राहूनही युद्धाने उद्ध्वस्त झालेला माणूस दाखविणे अवघड, कारण त्याने केलेली निवड प्रेक्षकालाही मान्य असते.

युयुत्सूच्या या उद्ध्वस्तपणाचा साक्षीदार नाटकात एक मुका सैनिक आहे. नामावलीत त्याला नावही नाही. पराभूत सैन्य हस्तिनापुरात परतते तेव्हा तो रखडत, सरपटत येतो, खुणेने पाणी मागतो. युयुत्सु त्याला पाणी देऊ करतो. सैनिक त्याला ओळखतो आणि भयाने, तिरस्काराने मागे सरतो. युयुत्सूच्याच अग्निबाणांनी त्याचे पाय होरपळलेले आहेत. पुढे याच मुक्याच्या हातून युयुत्सूवर दगड येतात. एवढेच. संपूर्ण नाटकात त्याला एकही शब्द नाही. पद्यनाटकात, जेथे प्रत्येक पात्र लयबद्ध बोलते, सूत्रधारस्वरूप कथागायन सतत चालू असते, जेथे धृतराष्ट्राला त्याचे आंधळेपण आणि संजयाला त्याचे पाहणे शब्दांत मांडता येते, तेथे ज्याच्या शरीरावर युद्ध प्रत्यक्ष कोरले गेले आहे तो एक माणूस मुका आहे.

या मौनाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक असा की, सामान्य सैनिकाला इतिहासात वाणी नसते, हे सत्य नाटककाराने रंगमंचीय रूपकात मांडले आहे. हा अर्थ सरळ आहे आणि परीक्षेत लिहावयास सोयीचा आहे. दुसरा अर्थ नाटककाराच्या स्वतःच्या भूमिकेकडे वळतो. युद्धग्रस्तांना वाणी देणारा लेखक असा गौरव आपण सहजपणे करतो. परंतु भारतींना वाणी देणे शक्य होते आणि त्यांनी ती दिली नाही. गांधारीला त्यांनी वाणी दिली, ती इतकी की तिच्या शापापुढे श्रीकृष्णही मान तुकवतो, अठरा दिवसांच्या त्या युद्धात प्रत्येक मृत्यू आपणच मेलो असे सांगतो आणि शाप स्वीकारतो. राजमातेचे दुःख शब्दांत मावते. मुक्या सैनिकाच्या दुःखापुढे नाटककार थांबतो, आणि त्या थांबण्यालाच प्रयोगात जागा करून देतो. वाणी देणे याचा अर्थ नेहमी संवाद लिहून देणे असाच होत नाही, हे या संहितेने मराठी-हिंदी दोन्ही नाट्यलेखनाला शिकविलेले सूत्र आहे. ते फारसे शिकले गेले नाही, ही गोष्ट वेगळी.

मुक्याच्या जोडीला बोलणारे दोन पहारेकरी आहेत. पहिल्या अंकात ते ओस पडलेल्या महालांच्या दालनांतून फेऱ्या घालतात. ज्याचे रक्षण करावे असे येथे काही उरलेच नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले आहे. गिधाडांचा थवा आकाश झाकून येतो तेव्हा ते ढालींखाली दडतात. पाचव्या अंकात राज्य बदललेले आहे, तरी तेच दोघे तशाच फेऱ्या घालताना दिसतात आणि राज्यकर्ते बदलले तरी आपली स्थिती होती तशीच आहे, असे एकमेकांना सांगतात. समीक्षकांनी त्यांची तुलना ग्रीक कोरसशी केली आहे. ती काही अंशी योग्य असली तरी ग्रीक कोरसला नैतिक निर्णयाचा अधिकार असतो, आणि या पहारेकऱ्यांना तसा कोणताही अधिकार नको आहे. त्यांची तटस्थता ही शहाणपणाची नव्हे, थकव्याची आहे. त्यांनी कोणताही पक्ष घेतला नाही म्हणून ते वाचले. युयुत्सूने पक्ष घेतला म्हणून तो मेला. भारती या दोहोंत निवाडा करीत नाहीत. हे नाटकाचे बलस्थान की पळवाट, यावर वर्गात वाद होऊ शकतो, व्हावयास हवा.

आता 'आरण्यक'कडे वळता येईल. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचे हे नाटक १९७४ मधील. मतकरी बँकेत नोकरी करीत लिहीत होते. त्यामुळे 'शिकविणारा नाटककार' ही संज्ञा त्यांना रूढ अर्थाने लागू पडत नाही. परंतु १९६२ पासून 'बालनाट्य' या संस्थेच्या द्वारे त्यांनी मुलांबरोबर जे काम केले, ते पाहता ही संज्ञा नाकारणेही कठीण होते. मुलांना नाटक शिकविता शिकविता त्यांनी जे प्रौढ नाट्य लिहिले, त्यात 'आरण्यक'चे स्थान एकाकी आहे. ते व्यावसायिक रंगभूमीच्या प्रवाहाबाहेर राहिले, गाजले त्याहून अधिक आठवले गेले.

'आरण्यक'ची सामग्री महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातून आलेली आहे. युद्धानंतर पंधरा वर्षांनी धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर वनात जातात. मूळ कथेतील एक तपशील येथे आठवण्यासारखा आहे. वनगमनाला निमित्त होते ते भीमाच्या बोलण्याचे. आपल्या ज्या बाहूंनी त्याने धृतराष्ट्राच्या पुत्रांना मारले त्यांची प्रौढी तो वृद्ध राजाच्या कानी पडेल अशा रीतीने मिरवतो. म्हणजे पंधरा वर्षे एका छताखाली राहूनही युद्ध संपलेले नाही. जेवणाच्या पंगतीत, दालनाच्या भिंतीपलीकडून ते चालूच आहे. महाकाव्य या गोष्टीकडे फार वेळ थांबत नाही. नाटककाराला मात्र तेथेच थांबावे लागते.

'अंधा युग' आणि 'आरण्यक' यांत कालाचे अंतर कसे बदलते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. भारतींची कथा युद्धाच्या अठराव्या दिवशीच्या संध्याकाळी सुरू होते आणि प्रभास क्षेत्री श्रीकृष्णाच्या मृत्यूने संपते. तिच्यात जखमा ताज्या आहेत, धूर अजून विरलेला नाही. मतकरींच्या नाटकात जखमा भरून वर्षे लोटली आहेत आणि व्रण तेवढे उरले आहेत. पुत्रशोकाचे टाहो संपले आहेत. मागे राहिलेल्यांना एकमेकांबरोबर दिवस काढावयाचे आहेत. ज्या स्त्रीचे शंभर पुत्र मारले गेले आणि जिच्या पुत्रांनी ते मारले, त्या दोघी एकाच आश्रमात राहतात. कुंती राजमातेचे सुख सोडून गांधारीच्या सेवेसाठी वनात का येते, हा प्रश्न महाभारतात विचारला जातो आणि तिच्या उत्तराने तो मिटविला जातो. नाटकाच्या अंगाने पाहता तो मिटत नाही. कर्णाची आई म्हणून कुंतीही पुत्रशोकाचीच धनी आहे, पण तिचा शोक उघडपणे मांडता येण्याजोगा नाही. एका दृष्टीने 'आरण्यक'मधील मुका सैनिक म्हणजे कुंतीच होय. फरक एवढाच की ती बोलते, पण जे बोलावयाचे ते बोलण्यास तिने फार उशीर केलेला आहे.

या दोन नाटकांच्या मधल्या काळात मराठीत जे लेखन झाले, त्याचाही विचार येथे केला पाहिजे. दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' १९६२ चे, इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ चे. कर्वे यांना 'युगान्त'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि नंतर कितीतरी लेखकांनी त्या पुस्तकाचे ऋण मान्य केले. समाजशास्त्राच्या अध्यापिकेने लिहिलेल्या या पुस्तकातील गांधारीवरील प्रकरण निबंधाच्या चौकटीत मावत नाही. वनातील वृद्धांना समोर बसवून ते कथेच्या, जवळजवळ नाट्यप्रवेशाच्या रूपात लिहिलेले आहे. आश्रमवासिक पर्वाकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले जाण्यात या प्रकरणाचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. अमुक एका कृतीचा अमुक कृतीवर प्रभाव पडला, असे यावरून म्हणावयाचे नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ अशी तीन युद्धे ज्या दशकात देशाने पाहिली, त्या दशकात मराठी लेखनाला महाभारतातील युद्धापेक्षा युद्धानंतरचे महाभारत जवळचे वाटू लागले, एवढेच नोंदवावयाचे आहे. याच सत्तरच्या दशकात विजया मेहता यांनी चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा' या ब्रेख्टच्या रूपांतराचा प्रयोग केला. त्यातही युद्धाच्या धामधुमीत टाकून दिलेले मूल उचलणारी दासी हीच कथेच्या मध्यभागी आहे, सेनापती नव्हे.

प्राचीन परंपरेत या दृष्टीला आधार नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. महाभारताचे स्त्रीपर्व म्हणजे रणांगणावर उतरलेल्या विधवांचे पर्व होय. गांधारी दिव्य दृष्टीने एकेका शवाजवळ बसलेल्या स्त्रियांना ओळखते आणि श्रीकृष्णाला दाखवीत जाते. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाच्या मांडीवर त्याचा लहानगा मुलगा दुर्जय बसू पाहतो. हा प्रसंग संस्कृत नाटकातील सर्वांत असह्य क्षणांपैकी एक आहे, आणि तो घडतो तो खलनायकाच्या कुटुंबात. मराठीत मुक्तेश्वराचे सौप्तिक पर्व उपलब्ध आहे, मोरोपंतांचे 'आर्याभारत' अठराही पर्वांचे आहे, श्रीधराचा 'पांडवप्रताप' घरोघरी वाचला गेला. सामग्री होती. ती नाटकाकडे वळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

अध्यापनाच्या दृष्टीने या सामग्रीचे महत्त्व वेगळे आहे. रिसोड, मेहकर, लोणार या पट्ट्यातील महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला येणारा विद्यार्थी महाभारताशी अपरिचित नसतो. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा त्याचा परिचय कित्येकदा अधिक घट्ट असतो, कारण तो ग्रंथालयातून नव्हे, कीर्तनातून आणि घरातल्या पोथीतून झालेला असतो. पण पोथीचे वाचन पांडवांच्या विजयाशी येऊन समाधान पावते. पुढची पर्वे वाचली गेली तरी त्यांच्यावर मन ठरत नाही. त्यामुळे 'अंधा युग' समोर येताच पहिली प्रतिक्रिया बहुधा विरोधाची होते. श्रीकृष्णाला शाप, युयुत्सूची आत्महत्या, विजयाला क्रमाक्रमाने होणारी आत्महत्या म्हणणारे अंकाचे शीर्षक, हे सारे श्रद्धेला बोचते. शिक्षकाने हा विरोध घाईने आधुनिक संवेदनेच्या नावाखाली दडपू नये. ज्या विद्यार्थ्याला मूळ युयुत्सु ठाऊक आहे, त्यालाच भारतींनी काय केले हे खरोखर दिसू शकते. त्याची अडखळण हीच वाचनाची सुरुवात आहे.

भाषेचा प्रश्नही आहे. 'अंधा युग'ची हिंदी वऱ्हाडातील विद्यार्थ्याला फार दूरची नाही. मुक्त लयीचे पद्य मोठ्याने वाचले की अर्थाच्या निम्म्या अडचणी दूर होतात. मराठी अनुवादाच्या आधारे शिकविण्यापेक्षा मूळ वाचून मराठीत चर्चा करणे अधिक हिताचे ठरते. 'आरण्यक'च्या बाबतीत उलट अडचण येते. त्याची मराठी इतकी ओळखीची वाटते की तिच्यातील लय कानावरून निसटते आणि ते साध्या गद्य नाटकासारखे वाचले जाते.

'आरण्यक'विषयी एक रंगेतिहासातील घटना येथे नोंदविणे आवश्यक आहे. पहिल्या प्रयोगानंतर सुमारे ४४ वर्षांनी मतकरींनी हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले. धृतराष्ट्राच्या भूमिकेत रवी पटवर्धन, विदुराच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आणि गांधारीच्या भूमिकेत प्रतिभा मतकरी असे मूळ प्रयोगातील कलावंत पुन्हा उभे राहिले. तरुणपणी ज्यांनी रंगभूषेने वार्धक्य आणले होते, ते आता वयानेच तेथे पोहोचले होते. वाकलेली पाठ, सावकाश टाकलेले पाऊल, शब्दापूर्वीचा श्वास, यांपैकी अभिनय कोणता आणि वय कोणते हे वेगळे काढणे प्रेक्षकाला अवघड झाले. युद्धानंतरचे जगणे हाच ज्या नाटकाचा विषय, त्याला असा प्रयोग लाभावा, ही संहितेबाहेरची पण संहितेचा अर्थ वाढविणारी गोष्ट होती.

मतकरींच्या उत्तरायुष्यातील दुसऱ्या एका उपक्रमाचा संबंध या चर्चेशी थेट पोहोचतो. ठाण्यातील वस्त्यांमधील मुलांसाठी त्यांनी 'समता विचार प्रसारक संस्थे'च्या साहाय्याने २०१४ मध्ये 'नाट्यजल्लोष' सुरू केला. या उपक्रमात नाटककाराने मुलांना संहिता लिहून दिली नाही. मुलांनी आपल्या वस्तीतले विषय स्वतः शोधावेत, नाटक स्वतः रचावे आणि स्वतः करावे, अशी त्याची पद्धत होती. ही मुले युद्धग्रस्त नव्हेत, हे मान्य. परंतु ज्यांना वाणी नाही असे आपण समजतो त्यांच्यासाठी लेखकाने काय करावे, या प्रश्नाला मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या पर्वात दिलेले हे उत्तर आहे. चाळिशीतील मतकरींनी 'लोककथा ७८' लिहिले तेव्हा ते दलितांवरील अन्यायाची कथा आपल्या शब्दांत सांगत होते. पंचाहत्तरीनंतरच्या मतकरींनी शब्दही दुसऱ्यांवर सोपविले. भारतींनी मुक्या सैनिकासाठी संवाद लिहिला नाही. मतकरींनी तो लिहावयाचे काम ज्याचे त्याच्याकडे दिले. या दोन कृतींमध्ये साठ वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही ठिकाणी लेखक एक पाऊल मागे सरकला आहे.

वर्गात 'अंधा युग'चे सामूहिक वाचन करताना येथेच एक व्यावहारिक अडचण उभी राहते. भूमिका वाटून दिल्या की अश्वत्थामा, गांधारी, युयुत्सु, दोन पहारेकरी यांना वाचक सापडतात. मुक्या सैनिकाची भूमिका कोणालाच दिली जात नाही, कारण वाचण्यास तिच्यात ओळ नाही. परिणामी तिसरा अंक वाचला जातो तेव्हा तो सैनिक वर्गात येतच नाही, आणि युयुत्सूचे बोलणे कोणाला उद्देशून आहे हे ऐकणाऱ्यांना कळत नाही. यावर उपाय एकच आहे. त्या भूमिकेसाठीही एक विद्यार्थी नेमावा, त्याला पुढे बसवावे, आणि त्याच्या वाट्याच्या रंगसूचना, पाणी मागण्याची खूण, ओळख पटल्यावरचे मागे सरणे, दगड उचलणे, त्या दुसऱ्या कोणी मोठ्याने वाचाव्यात. त्या काळात त्याने गप्प बसावे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहावे.